चिचोके, सरकी आणि ताराबाई

आमच्या बाळापुरात चार शिक्षिका जमल्या, की बोलणं हटकून शैक्षणिक साहित्यावर येतं. तक्ते नाहीत, पैसे नाहीत, शिकवायचं काय डोंबल! मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते, म्हणून हे गाऱ्हाणं माझ्याकडेही येतं. अशा वेळी मला ताराबाई मोडक आठवतात. कोसबाडच्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्या वऱ्हाडच्या सूनबाई, हे किती जणींना ठाऊक आहे?

1892 साली मुंबईत जन्मलेली ही प्रार्थना समाजी घरातली मुलगी 1914 साली बी. ए. झाली आणि वकील मोडकांशी लग्न करून अमरावतीला आली. संसार टिकला नाही. लहानग्या प्रभाला घेऊन त्या घराबाहेर पडल्या, तेही त्या काळात! राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पुढे ती पगाराची नोकरीही सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. (मला तर हे घर सोडण्याइतकंच धाडसाचं वाटतं.)

तिथे माँटेसरी बाईंची पद्धत होती. पद्धत छान, पण तिचं साहित्य महागडं. गरिबाच्या लेकरांनी काय करायचं? 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, त्यानंतरही हा प्रश्न ताराबाईंना सोडत नव्हता. 1945 साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ सोबतीला आल्या, आणि उत्तर तिथल्या जमिनीवरच सापडलं. शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं! मोजायला तेच, रंग ओळखायलाही तेच. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला वारल्यांची मुलं गुरांमागे जात, म्हणून शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा.

1962 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 1973 साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी सरकारची बालविकास योजना आली आणि तिच्या केंद्रांनी नाव घेतलं अंगणवाडीचंच.

आपल्याकडे शिंपले नसतील, पण चिचोके, सरकी, तुरीचे दाणे, मन नदीतले गोटे आहेत ना! डोळे मिटून हाताने दाणे वेगळे करायला सांगा. पहिलीची पोरं अर्धा तास जागची हलत नाहीत. मग बोंडाची गोष्ट काढायची, आणि त्यानंतर पुस्तक.

दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली, की आमची कितीतरी मुलं वर्गात कमी आणि धुऱ्यावर जास्त. तेव्हा मी पिशवीत वीसेक पुस्तकं भरते आणि संध्याकाळी वेचणीवरून माणसं परततात त्या वाटेवर जाऊन बसते.