साखवाळचे यात्रिक : धर्मानंद कोसंबी

जुवारी नदीच्या काठी, मुरगाव तालुक्यात, साखवाळ नावाचे गाव आहे. या गावचा देव लक्ष्मीनृसिंह सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे नदीपलीकडे वेलिंगास नेण्यात आला, तो आजही तेथेच आहे. देवाला जे संकटामुळे करावे लागले, ते याच गावच्या एका मनुष्याने पुढे आपखुशीने केले, आणि एकदाच नव्हे तर आयुष्यभर केले. ज्यांनी घर सोडले, भिक्षूची चीवरे सोडली, चांगल्या पगाराच्या जागा सोडल्या आणि अखेरीस अन्नही सोडले, त्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहो. प्रवासाने मनुष्य बहुश्रुत होतो हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु प्रवास मनुष्याच्या अंगी कोणत्या सवयी जडवितो, आणि त्या सवयींचे मोल कोणाकोणास द्यावे लागते, हे पाहावयाचे असेल तर या चरित्रासारखे दुसरे चरित्र आम्हांस तरी माहीत नाही.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. घरची बोली कोकणी, शिक्षण मराठी, आणि तेही तुटकतुटक. कारण प्रकृती नाजूक होती आणि खेड्यात शाळेची सोयही यथातथाच होती. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचे लग्न झाले. पुढे घरच्या माडांची देखभाल त्यांच्याकडे आली. त्या काळच्या गोमंतकात अशा तरुणाचे आयुष्य जसे जावयाचे तसेच त्यांचे गेले असते: नारळ मोजावे, कुळांचा हिशेब पाहावा, सायंकाळी तुकोबांचे अभंग वाचावे. परंतु १८९७ साली ‘बालबोध’ मासिकाच्या एका अंकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले. ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक होते. मुलांसाठी लिहिलेल्या त्या चार पानांनी वीस वर्षांच्या, लग्न झालेल्या, बागाईतदाराच्या मुलाला असे काही पछाडले की बुद्धाचा धर्म मुळापासून जाणून घेतल्यावाचून जगणे व्यर्थ, असे त्यांस वाटू लागले. घरातून निघून जाण्याचा प्रयत्न त्यांनी यापूर्वीही केला होता आणि ते परत आले होते. १८९९ च्या अखेरीस निघाले, ते मात्र सात वर्षे परतले नाहीत.

येथे आम्हांस क्षणभर थांबले पाहिजे. पुष्कळ चरित्रकार हा प्रसंग महाभिनिष्क्रमणाची उपमा देऊन झटकन आटोपतात. त्याच वर्षी धर्मानंदांस पहिली कन्या, माणिक, झाली होती. पत्नी बाळाबाई त्या तान्ह्या मुलीसह मागे राहिल्या. पती जिवंत आहे, परंतु कोठे आहे आणि परत येईल की नाही याचा भरवसा नाही, अशा स्त्रीची त्या काळच्या एकत्र कुटुंबात काय स्थिती होत असेल, हे आमच्या वाचकांतील वडीलधाऱ्या माणसांस सांगावयास नको. ज्ञानाच्या यात्रेची पहिली शिदोरी बाळाबाईंनी भरली, असे आम्ही म्हणतो. आणि ती त्यांस कोणी विचारून भरविली नव्हती.

पहिला मुक्काम पुण्यास पडला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या साहाय्याने तेथे संस्कृताचा प्रारंभ झाला. पण पुण्यात मन रमेना म्हणून ग्वाल्हेरच्या वाटेने ते काशीस गेले. काशीस तेव्हा गरीब विद्यार्थ्यांना अन्नछत्राचा आधार असे. छत्रात मिळेल ते खावे, उरलेला दिवस व्याकरणाची सूत्रे घोकावी, असा क्रम सुरू झाला. घरी खाण्यापिण्याची ददात नसलेल्या मुलास हे सोपे गेले नसणार. परंतु पोटाला काय मिळाले याची फारशी विचारपूस न करण्याची जी सवय त्यांस पुढे जन्मभर उपयोगी पडली, तिचा पाया या छत्रातील पंगतीत घातला गेला.

संस्कृत आले, पण बुद्ध भेटला नाही. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे असे कानावर आल्यावरून १९०२ साली ते काठमांडूस गेले. तेथे जे दिसले त्याने त्यांची घोर निराशा झाली. ज्या धर्माचे मूळ स्वरूप शोधीत आपण आलो, त्याचे नाव तेवढे येथे आहे, असे त्यांस वाटले. एवढ्या खटाटोपाअंती पदरी निराशा आल्यावर सामान्य मनुष्य घरचा रस्ता धरता. धर्मानंद तेथून बुद्धगयेस गेले. पाली शिकावयाची तर सिंहलद्वीपास गेले पाहिजे, हे तेथे कळताच कलकत्त्यास महाबोधि सभेत गेले, आणि त्याच वर्षी कोलंबोस पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली ग्रंथ सिंहली लिपीतून वाचावयास आरंभ केला. पुढे ते ब्रह्मदेशात गेले. ज्ञानतिलोक नावाच्या जर्मन भिक्षूसमवेत सगाईंगच्या डोंगरातील गुहेत राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. जर्मनीचा एक संगीतज्ञ आणि साखवाळचा एक बागाईतदार ब्रह्मी गुरूपाशी एकाच गुहेत बसून आपले चित्त तपासीत आहेत, हे चित्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

भिक्षूचा प्रवास हा आपल्या प्रवासाहून अगदी निराळा असतो. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे वस्त्र, एवढ्या आठ वस्तूंवर त्याचा संसार आटोपतो. पैशाला त्याने हात लावावयाचा नसतो. म्हणजे आगगाडीचे तिकीट सुद्धा दुसऱ्याने काढून दिले तर. मध्यान्हीनंतर जेवण नाही. ज्याला अशा रीतीने वर्षानुवर्षे हिंडावे लागते, त्याला परक्यावर विश्वास टाकण्यास शिकावेच लागते, आणि नसलेल्या वस्तूची आठवण न काढण्यासही शिकावे लागते. १९०६ साली धर्मानंदांनी कलकत्त्यास येऊन चीवरे उतरविली, परंतु या सवयी मात्र चीवरांबरोबर उतरल्या नाहीत.

याचा पडताळा लौकरच आला. कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात व नंतर विश्वविद्यालयात ते पाली शिकवू लागले. सात वर्षांनी ते घरी आले आणि बाळाबाईंस कलकत्त्यास घेऊन गेले. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात पुत्र दामोदर जन्मला. हेच पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झालेले दा. ध. कोसंबी. आता प्रपंच मार्गी लागला असे कोणीही म्हटले असते. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून बौद्ध धर्मावर लेखन करावे म्हणून दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्यास राहिल्यास विश्वविद्यालय २५० रुपये द्यावयास तयार होते. धर्मानंदांनी ५० रुपये पत्करले. आपल्या लोकांस बुद्धाची ओळख आपल्या भाषेत करून द्यावी, हा त्यांचा हेतू होता, आणि १९१० साली प्रसिद्ध झालेले ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक त्याची साक्ष आहे. त्यांच्या निर्लोभतेची ही गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते, ते योग्यच आहे. आम्ही एवढीच पुस्ती जोडतो की, ज्या घरात हे २०० रुपये यावयाचे राहिले, त्या घरात दोन लेकरे होती.

त्यानंतर पश्चिमेची वाट उघडली. अमेरिकेतील हार्वर्ड विश्वविद्यालयात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संशोधित संस्करण करावयाचे काम अपुरे पडले होते. ते हाती घेतलेले विद्वान हेन्री क्लार्क वॉरन १८९९ साली वारले होते. बर्मी व सिंहली लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहील, असा मनुष्य तेथील प्राध्यापक लॅनमन यांस हवा होता. ज्याने त्या त्या देशी राहून, तेथल्या भिक्षूंपाशी बसून ते ग्रंथ वाचले होते, त्याच्याहून या कामास योग्य कोण? १९१० साली धर्मानंद बोस्टनजवळील केंब्रिज येथे दाखल झाले. १९१० ते १९१२, १९१८ ते १९२२, १९२६-२७ आणि १९३१-३२ अशा चार फेऱ्या त्यांनी या एका ग्रंथासाठी केल्या. पहिल्या फेरीअंती ग्रंथावर नाव कोणाचे घालावयाचे यावरून लॅनमन यांच्याशी मतभेद झाला आणि धर्मानंद काम तसेच ठेवून परत आले. मान सोडून देणारा हा मनुष्य न्याय मात्र सोडीत नसे. दुसऱ्या फेरीत त्यांनी माणिक व दामोदर या दोघांस बरोबर नेले. माणिकबाई तेथील रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या, दामोदर पुढे हार्वर्डचे. वडिलांच्या वणवणीचा लाभ मुलांच्या पदरात असा पडला. बाळाबाई याही वेळी मागेच राहिल्या.

या ‘विसुद्धिमग्गा’विषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी भारतातून सिंहलद्वीपास जाऊन तो रचिला. म्हणजे ग्रंथकारही यात्रिकच. ध्यान करू इच्छिणाऱ्याच्या आड येणारे दहा पलिबोध, म्हणजे अडथळे, त्यात सांगितले आहेत. निवासस्थान हा एक अडथळा, परिचयाचे कुल हा एक, लाभ हा एक, आप्त हा एक. पण त्याच यादीत प्रवास हाही एक अडथळा आहे आणि ग्रंथाध्ययन हाही एक आहे! ज्या पुरुषाने पहिले चार अडथळे दूर सारण्यासाठी उरलेल्या दोहोंचा जन्मभर आश्रय केला, त्याच्या हाती ही यादी अक्षर न् अक्षर ताडून शुद्ध करण्याचे काम यावे, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. त्यांस स्वतःस या विसंगतीचे भान नसेल, हे संभवत नाही.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत, पु. वि. बापट हे पाली पंडित त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १९२२ नंतर अहमदाबादेस गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात काम केले. १९२४ साली त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. ज्यांस साधी, अलंकाररहित मराठी कशी लिहावी हे शिकावयाचे असेल, त्यांनी ते वाचावे. त्यात लेखक स्वतःची स्तुती करीत नाही, आणि कीवही करीत नाही. १९२९ साली ते पाली शिकविण्यास रशियात लेनिनग्राडला गेले. श्रमजीवी लोकांविषयीची त्यांची आस्था अमेरिकेतच जागी झाली होती. रशियात त्यांनी समाजवादाचा प्रयोग डोळ्यांनी पाहिला. ऐकीव गोष्टीवर न थांबता मूळ ठिकाणी जाऊन पाहावयाचे, ही नेपाळपासूनची खोड येथेही दिसते. १९३० साली परतले ते थेट मिठाच्या सत्याग्रहात पडले, गोव्याच्या सीमेलगतच्या शिरोड्यास कार्य केले, आणि तुरुंगवासही पत्करला. बर्फाच्या देशातून आलेल्या त्रेपन्न वर्षांच्या मधुमेही पंडिताला शिरोड्याचे मिठागर किंवा कारागृह यांत काही विशेष अडचण वाटली नसावी. मुक्काम बदलला, एवढेच.

१९३७ साली मुंबईच्या परळ भागात, कामगारांच्या वस्तीत, ‘बहुजन विहार’ उभा राहिला. दलित व श्रमिक बांधवांस बुद्धाचा उपदेश सांगावा, या हेतूने धर्मानंद तेथे राहू लागले. डॉ. आंबेडकरांच्या धर्मांतराच्या जवळजवळ दोन दशके आधीची ही गोष्ट आहे. दोनएक वर्षांनी तोही मुक्काम त्यांनी हलविला. संस्था स्थापावी, ती वाढवावी, तिचे अध्यक्ष होऊन बसावे, हे त्यांच्या हातून कधी झालेच नाही, आणि आम्हांस वाटते की हा त्यांच्या यात्रिकपणाचा दोषच होय. वृक्ष लावणाऱ्याने काही वर्षे पाणी घालावयास थांबावे लागते. साखवाळच्या माडांनी त्यांस हे एके काळी शिकविले असणार. पण पुढच्या वाटचालीत ते मागे राहून गेले.

अखेरच्या वर्षांत शरीर थकले, व्याधींनी जर्जर झाले. ज्या देहाकडून आता काही सेवा व्हावयाची नाही त्याचा भार इतरांवर का घालावा, या विचाराने १९४६ साली संयुक्त प्रांतातील दोहरीघाट येथे त्यांनी अन्न सोडले. गांधीजींनी आग्रह केला म्हणून तो उपवास थांबविला. पुढे ते वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात आले. तेथे पुन्हा अन्न सोडून, सुमारे एक महिन्याने, ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्या दिवसांत त्यांची वृत्ती शांत होती. आपल्या देहाची विल्हेवाट ज्या रीतीने कमीत कमी खर्च येईल त्या रीतीने लावावी, एवढीच त्यांची सूचना होती. दिल्लीस प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे आदरपूर्वक स्मरण केले. हा शेवट आम्ही विद्यार्थ्यांपुढे अनुकरणासाठी ठेवीत नाही. दुखणाइताचा भार वाहणे हे घरच्या माणसांचे आणि समाजाचे कर्तव्यच आहे, असे आम्ही मानतो. परंतु ज्याने आयुष्यात प्रत्येक ठिकाण स्वतःच्या पायांनी सोडले, त्याने हेही त्याच रीतीने सोडले, ही वस्तुस्थिती आहे.

‘विसुद्धिमग्गा’ची नागरी आवृत्ती त्यांनी १९४० सालीच भारतीय विद्या भवनाकडून प्रसिद्ध करविली होती, म्हणजे आपल्याकडील विद्यार्थ्यास तो ग्रंथ वाचण्यासाठी सिंहली किंवा बर्मी लिपी शिकण्याची गरज उरली नाही. हार्वर्डची आवृत्ती मात्र १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, बाहेर पडली. तिच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधक म्हणून धर्मानंद कोसंबी यांचे नाव छापले आहे.