माधव जूलियन : छंदोविचाराची जडणघडण

माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन यांचा जन्म १८९४ साली बडोद्यास झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. फारसी हा त्यांच्या व्यासंगाचा विषय होता. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. रविकिरण मंडळातील अग्रगण्य कवी म्हणून त्यांची ख्याती झाली, तरी त्यांचे चिरस्थायी कार्य छंदःशास्त्राच्या क्षेत्रातील आहे.

‘छंदोरचना’ हा ग्रंथ १९२७ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि १९३७ साली त्याची विस्तृत सुधारित आवृत्ती निघाली. संस्कृत परंपरेतील गणविचार तीन-तीन अक्षरांचे गट पाडतो. त्यामुळे चरणाची स्वाभाविक लय पुष्कळदा मध्येच तुटते. जूलियनांनी त्याऐवजी लघु-गुरूंचा सरळ लगक्रम मांडला. त्यामुळे यतिस्थाने आणि चरणातील पुनरावृत्त होणारे खंड स्पष्ट दिसू लागले. त्यांनी पद्याचे तीन वर्ग केले : लगक्रम निश्चित असणारे वृत्त, मात्रांच्या आवर्तनांवर उभी असणारी जाति आणि अक्षरसंख्येवर आधारलेला छंद. षण्मात्रक आवर्तनाला भृंग व अष्टमात्रक आवर्तनाला पद्म अशा संज्ञा त्यांनी दिल्या. ओवी-अभंगांत लेखनातील ऱ्हस्वदीर्घ गौण ठरून उच्चारातील कालमान निर्णायक होते, हे या वर्गीकरणाने उलगडले. पद्याची परीक्षा डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी करावयाची, हा त्यामागील खरा सिद्धांत होय.

हा विचार त्यांच्या काव्यनिर्मितीपासून अलग नव्हता. ‘गज्जलांजलि’त (१९३३) त्यांनी फारसी वृत्ते व यमकबंध मराठीत रुजविले. मात्र त्यांच्या अनेक गज्जलांत द्विपदींच्या स्वयंपूर्णतेपेक्षा एका भावाचे सातत्य अधिक आढळते. ‘तुटलेले दुवे’ (१९३८) मध्ये चौदा ओळींच्या सुनीतांची मालिका त्यांनी गुंफली. वृत्ते फारसीतून घेणारा हा कवी उत्तरायुष्यात भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता बनला आणि स्वतःच्याच काव्यातील फारसी शब्द काढू लागला. शब्द परका ठरला, लय मात्र आपली राहिली. हा अंतर्विरोध त्यांच्या अभ्यासकाने टाळता कामा नये.

१९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. १९३८ साली ‘छंदोरचने’साठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. पदवी दिली. पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे मुक्तछंदाचा प्रसार झाला, तरी कवितेच्या लयीची चर्चा करताना त्यांच्या संज्ञांचा आधार अद्याप घ्यावा लागतो, यातच या कार्याचे महत्त्व आहे.