ग्रेस हॉपर : प्रोग्रामरचं काम मशीनला शिकवणाऱ्या बाई

तुमच्या फोनमध्ये एआरएम प्रोसेसर असतो, लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा इंटेल किंवा एएमडीचा. दोघांची मशीन भाषा पूर्ण वेगळी. तरी एकच वेबसाइट दोन्हीकडे चालते. कारण ब्राउझरमधला जस्ट-इन-टाइम कंपायलर, म्हणजे जेआयटी, जावास्क्रिप्टचा जो भाग सारखा लागतो तो चालता चालताच समोरच्या प्रोसेसरच्या भाषेत आणतो. असं काम माणसाने नाही, मशीननेच करायचं, हा हट्ट ज्यांनी सगळ्यात आधी धरला त्यांत ग्रेस हॉपर होत्या.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ ला न्यूयॉर्कमध्ये झाला. गजराचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला लहानपणी त्यांनी घरातली सात घड्याळं खोलली होती! १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली. व्हासार कॉलेजात त्या शिकवत होत्या. दुसऱ्या महायुद्धात नौदलात जायचं ठरवलं, पण वय जास्त आणि वजन कमी. तरी खास सूट मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या भरती झाल्याच.

नेमणूक झाली हार्वर्डच्या मार्क वन कॉम्प्युटरवर. हे धूड जवळपास १५ मीटर लांब होतं आणि प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यावा लागायचा. प्रोग्रामर जुने, तपासलेले तुकडे वहीतून उतरवून घ्यायचे. उतरवताना एक आकडा चुकला की सगळं मुसळ केरात. आपल्या पुण्यात टू-पास असेंब्लरचं प्रॅक्टिकल सबमिशनच्या आदल्या रात्री ज्यांनी उरकलंय, त्यांना हे दुखणं लगेच कळेल.

१९४९ मध्ये त्या युनिव्हॅक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. उतरवण्यात माणूस चुकतो, मग ते काम मशीनलाच का देऊ नये? १९५२ मध्ये त्यांनी ए-झिरो तयार केला. टेपवरच्या प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक. तुम्ही फक्त क्रमांक द्यायचे. तुकडे शोधणं, पत्ते बसवणं आणि जोडणं मशीन करणार. आजच्या हिशेबाने तो लिंकर-लोडर म्हणावा लागेल, पण कंपायलर हे नाव त्यालाच दिलं गेलं. लोकांचा मात्र विश्वास बसेना. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्राम कसा तयार करेल, असं त्यांचं म्हणणं.

पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत लिहिलेला प्रोग्राम चालवून दाखवला आणि मग तोच फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही. साहेब लोक घाबरले! अमेरिकन मशीनला परकी भाषा कशी कळेल? हॉपर यांच्या लेखी शब्द म्हणजे फक्त खुणा होत्या. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली आणि तिच्या पायावर कोबॉल. डिसेंबर १९६० मध्ये कोबॉलचा एकच प्रोग्राम युनिव्हॅक आणि आरसीए अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालला. कंपायलर वेगळे, प्रोग्राम तोच.

पुढची पायरी झुरिकची. १९७० च्या दशकात तिथे पास्कलचा असा कंपायलर झाला, जो आधी पी-कोड या मधल्या भाषेत उतरायचा. नवा प्रोसेसर आला की फक्त शेवटचा छोटा भाग नव्याने लिहायचा. त्या टीममधले केशव नोरी नंतर पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये होते. वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी जेआयटी लिहिणारे आजही साधारण हीच विभागणी करतात. फरक इतकाच की मशीन कोड प्रोग्राम चालू असतानाच तयार होतो.

१९८६ मध्ये ७९ व्या वर्षी हॉपर रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. व्याख्यानांत त्या सुमारे ३० सेंटिमीटर तारेचे तुकडे वाटायच्या: नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त इतकीच पुढे जाते, हे हाताला कळावं म्हणून. १ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. आता पुढच्या वेळी एखादी वेबसाइट फोनवर आणि लॅपटॉपवर सारखीच चालली, तर ते भाषांतर मशीनवर सोपवणाऱ्या या बाईंची आठवण नक्की काढा.