चेरीच्या फुलझाडांचे कैवारी : कॉलिंगवुड इंग्रॅम

हापूस आंब्याची कोय पेरली, तर उगवणाऱ्या झाडास हापूसच लागेल असा भरंवसा कोणी देत नाहीं. म्हणून शहाणा बागाइतदार कलम बांधतो. जपानांत जिला साकुरा म्हणतात त्या शोभेच्या चेरीचेंहि असेंच आहे. तिच्या निवडक जाती बियांपासून जशाच्या तशा उतरत नाहींत. हव्या त्या झाडाची काडी रानटी चेरीच्या खुंटावर बांधावी, तेव्हांच तें फूल पुढच्या पिढीस दिसतें. बांधणारा हात थांबला कीं ती जात नाहींशी होते. अशी एक जात ज्यांनीं वांचविली, त्या कॉलिंगवुड इंग्रॅम यांचें चरित्र मननीय आहे.

त्यांचा जन्म इंग्लंडांत १८८० सालीं झाला. प्रथम त्यांना पक्ष्यांच्या अभ्यासाचा छंद होता. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ सालीं, ते केंट परगण्यांतील बेनेंडन गांवीं राहावयास आले. तेथील बागेंत चेरीचीं दोन झाडें बहरलेलीं पाहून त्यांचें मन तिकडे वेधलें, व पुढें त्यांनीं चेरीच्या शंभरांवर जाती जमविल्या.

१९२३ सालीं ससेक्स परगण्यांतील एका बागेंत त्यांना चेरीचें एक मरणोन्मुख झाड आढळलें. त्याचीं शुभ्र फुलें असामान्य मोठीं होतीं. इंग्रॅम यांनीं त्याच्या काड्या मागून आणिल्या व कलमें बांधिलीं. १९२६ सालीं ते जपानास गेले असतां सेइसाकु फुनात्सु या वृद्ध जाणकारानें त्यांना आपल्या पणजोबांनीं काढलेलें एका पांढऱ्या चेरीचें चित्र दाखविलें, आणि ही जात आतां कोठेंहि उरली नाहीं म्हणून खेद दर्शविला. इंग्रॅम यांनीं तें फूल तत्काळ ओळखलें. तें त्यांच्याच बागेंत वाढत होतें!

ज्याचें धन त्यास पोंचविणें हें त्यांनीं आपलें कर्तव्य मानलें. परंतु आरंभीं पाठविलेल्या काड्या वाटेंतच मेल्या. तरी त्यांनीं हात टेकले नाहींत. शेवटीं काड्यांचीं टोकें बटाट्यांत खोंचून, ओलावा राखून, त्यांनीं त्या सायबेरियाच्या आगगाडीनें रवाना केल्या. आणि १९३२ सालीं क्योतो येथें त्यांचीं कलमें जगलीं. तें झाड आज ताइहाकू, म्हणजे मोठें शुभ्र, या नांवानें ओळखलें जातें.

वयाचीं १०० वर्षें पूर्ण करून इंग्रॅम १९८१ सालीं वारले.

विद्यार्थ्यांनो, पूर्वजांनीं दिलेली चांगली वस्तु, मग ती फुलझाड असो, भाषा असो वा कला असो, आपोआप टिकत नाहीं. प्रत्येक पिढीस तिचें कलम आपल्या हातांनीं नव्यानें बांधावें लागतें.