अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

बालकाचे शिक्षण हाती पाटी-पेन्सिल आल्यावरच सुरू होते, अशी समजूत आपल्या समाजात फार काळ रूढ होती. त्यापूर्वीची चार-पाच वर्षे केवळ खाण्या-खेळण्याची, आणि त्या वयाच्या मुलांना सांभाळणे म्हणजे कोणत्याही स्त्रीला सहज जमणारे घरकाम, असे मानले जाई. या समजुतीला विचाराने आणि कृतीने उत्तर देणाऱ्यांत पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे. शिशुशिक्षण हे अभ्यासाने साध्य होणारे शास्त्र आहे, हे त्यांनी महाराष्ट्राला पटवून दिले. त्याहून अवघड अशी गोष्ट त्यांनी पुढे केली. हे शास्त्र त्यांनी सुखवस्तू वस्तीतून गरिबांच्या अंगणात नेले.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्यामुळे घरातील वातावरण सुधारकी होते. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाला समाजाची मान्यता नसलेल्या त्या काळात, १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार फार काळ टिकला नाही. पदरी लहान मुलगी, पतीपासून विभक्त झालेली स्त्री म्हणून समाजाची बोचरी नजर आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याची निकड, अशा अवस्थेत त्यांनी मराठी मुलूख सोडला आणि राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. त्या काळी एका भारतीय स्त्रीला असे पद मिळणे ही विशेष गोष्ट होती.

मानाचे पद मिळाले तरी त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. स्वतःच्या मुलीला कसे वाढवावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि प्रचलित शाळांत त्याचे उत्तर मिळत नव्हते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाईंचा मूळ व्यवसाय वकिलीचा. आपल्या मुलाच्या शिक्षणाच्या विचारातूनच ते मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले होते. एकाच चिंतेतून निघालेल्या या दोन वाटा भावनगरला एकत्र आल्या. १९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून बालमंदिराच्या कार्यात सामील झाल्या. मोठ्या पदावरून लहान मुलांत जाणे ही अनेकांना पायउतार वाटली असेल. ताराबाईंना मात्र आपल्या आयुष्याचे कार्य तेथे सापडले.

भावनगरच्या सुमारे नऊ वर्षांत त्यांनी शिशुशिक्षणाची सर्व अंगे आत्मसात केली. बालमंदिरात शिक्षा नव्हती, बक्षीस नव्हते आणि रांगेत गप्प बसण्याची सक्तीही नव्हती. मूल आपल्या आवडीचे साधन उचलून हवा तितका वेळ त्यात रमे. अशा वर्गात शिक्षिकेचे काम सोपे होते असा समज व्हावा. वस्तुतः ते अधिक कठीण होते. मूल स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावण्यासाठी धडपडत असताना चटकन पुढे होऊन ती लावून देणे सोपे असते. शेजारी थांबणे, पाहणे आणि मदतीची खरी गरज केव्हा आहे हे ओळखणे, यासाठी प्रशिक्षण लागते. केवळ माया पुरत नाही, हे ताराबाईंनी ओळखले. म्हणूनच मुलांच्या शिक्षणाइतकेच त्यांच्या शिक्षिका घडविण्याकडे त्यांनी आयुष्यभर लक्ष दिले.

१९२६ साली गिजुभाई आणि ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती १९३३ पासून निघू लागली आणि तिच्या संपादनाची धुरा ताराबाईंनी दीर्घकाळ वाहिली. मुलांचे हट्ट, शिस्त, भीती, खोटे बोलणे अशा घरोघरच्या प्रश्नांवर शास्त्रीय पण सोप्या भाषेत मराठी पालकांशी संवाद साधणारे असे लेखन तोवर विरळच होते. मराठीभाषक स्त्रीने गुजराती भाषकांत राहून जे कमावले, ते अशा रीतीने मराठीच्या पदरात पडले.

पुढे मुंबईत दादर येथे १९३६ साली शिशुविहार सुरू झाले. बालमंदिराच्या जोडीला शिक्षिकांसाठी अध्यापन मंदिरही उभे राहिले आणि मध्यमवर्गीय पालकांचा विश्वास संपादन झाला. येथे एखादी व्यक्ती कृतार्थ होऊन थांबली असती. ताराबाई थांबल्या नाहीत. माँटेसरी पद्धतीची साधने महाग; त्यामुळे हे शिक्षण फी देऊ शकणाऱ्यांपुरतेच राहत होते. वास्तविक माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधील श्रमिकांच्या गरीब वस्तीत उघडले होते. गरिबांच्या मुलांसाठी जन्मलेली पद्धत भारतात श्रीमंतांची मिरासदारी होऊ पाहत होती, ही बाब ताराबाईंना सलत होती. १९४५ च्या प्रारंभी गांधीजींनीही नयी तालीमची कक्षा रुंदावून शालापूर्व वयातील बालकांचा तीत समावेश केला होता. त्या वर्षाच्या अखेरीस, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी मुंबईतील स्थिरस्थावर काम मागे ठेवले आणि डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बालवैधव्य वाट्याला आलेल्या अनुताईंनी पुढे हे कार्य आपले जीवितकार्य मानले.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली, सर्वांना दार मोकळे ठेवले. परंतु हरिजन वस्तीतील मुले येईनात. दार उघडे असणे पुरेसे नसते. शतकानुशतके उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या माणसांचे पाऊल सहजासहजी आत पडत नाही. यावर पालकांना दोष देऊन मोकळे होता आले असते. ताराबाईंनी उलट विचार केला. मुले शाळेकडे येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरापुढच्या अंगणात मुले गोळा होत. आधी हातपाय धुणे, नाक पुसणे, नखे कापणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. शिंपले, खडे, बिया, पाने, माती ही साधने झाली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद ओळखण्यासाठी परदेशी बनावटीच्या पेटीची गरज उरली नाही. दारात उभ्या असलेल्या आया आणि आज्या हे सारे पाहत, आणि त्यांचेही शिक्षण नकळत होत असे. अंगणातील बालवाडी ही कल्पना अशा रीतीने आकाराला आली.

१९५७ मध्ये केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली समाजाच्या पाड्यांत अडचणी आणखी निराळ्या होत्या. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. ते सोडून ती शाळेत येणार कशी? मुलगा गुरांमागे रानात जाई; त्याच्या कमाईवर घराची भिस्त होती. ताराबाई आणि अनुताई यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभारली. धाकटे पाळणाघरात विसावले की थोरली वर्गात बसू शके. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे जेथे चरत तेथेच शिक्षक जाऊ लागले. मुलाच्या गैरहजेरीचे कारण त्याच्या आळसात न शोधता त्याच्या जगण्यात शोधावे, ही दृष्टी या प्रत्येक प्रयोगामागे होती.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ झाला आणि अंगणवाडी हा शब्द भारताच्या कानाकोपऱ्यात पोहोचला. कोसबाडच्या टेकडीवर अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत, हा वसा सांभाळला.

शब्द पोहोचला, तरी ताराबाईंनी ज्यासाठी आयुष्य वेचले तो विचार पुरता पोहोचला आहे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. आजही तीन वर्षांच्या मुलाला अक्षरे गिरवायला लावणारी शाळा चांगली समजली जाते. शिशूंना शिकविणाऱ्या स्त्रीला वेतनाऐवजी मानधन दिले जाते आणि तिच्या कामाला सांभाळणे म्हटले जाते. पटावर नाव असूनही न येणाऱ्या मुलाच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करून हजेरीपट मिटला जातो. ताराबाईंच्या हाताखाली तयार झालेली शिक्षिका अशा वेळी पायांत वहाणा सरकवून त्या मुलाच्या घराची वाट धरीत असे. बालशिक्षणाच्या कोणत्याही संस्थेने आपले काम पारखावे, तर ते या वाटेवर.