कोंड्याशी लढता लढता उभा राहिला उद्योग

डोक्यात कोंडा होणे ही आज किरकोळ तक्रार मानली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी मात्र ती केस गमावण्याची आणि चारचौघांत मान खाली घालण्याची बाब होती. या दुखण्यातून स्वतःची वाट काढताना हजारो स्त्रियांना रोजगार मिळवून देणाऱ्या उद्योजिका म्हणजे मॅडम सी. जे. वॉकर.

त्यांचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. २३ डिसेंबर १८६७ रोजी लुईझियाना राज्यातील डेल्टा येथे त्यांचा जन्म झाला. आईवडील पूर्वी कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. गुलामगिरी संपल्यानंतर जन्मलेले सारा हे त्या घरातील पहिले अपत्य. सातव्या वर्षी त्या पोरक्या झाल्या, चौदाव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि विसाव्या वर्षी वैधव्य आले. लहानग्या मुलीला घेऊन त्यांनी सेंट लुईस गाठले. तेथे त्यांचे भाऊ केशकर्तनाचा व्यवसाय करीत. लोकांची धुणी धुऊन दिवसाला जेमतेम दीड डॉलर मिळे. त्यातूनच त्यांनी मुलीच्या शिक्षणासाठी पैसे साठविले.

१८९० च्या दशकात सारा यांच्या डोक्याच्या त्वचेचा विकार बळावला आणि केस झपाट्याने गळू लागले. त्या काळी बहुसंख्य घरांत नळाचे पाणी नव्हते. त्यामुळे केस क्वचितच धुतले जात आणि धुतले तरी तीव्र क्षारयुक्त साबणाने. निकृष्ट आहार आणि सततचा ताण यांची त्यात भर पडे. दिवसभर इतरांचे कपडे स्वच्छ करणाऱ्या स्त्रीला स्वतःचे केस धुण्याची सोय नसावी, हा दैवदुर्विलासच होता.

अनेक घरगुती उपाय करून पाहिल्यानंतर त्या ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजिकेच्या केशप्रसाधनांकडे वळल्या आणि पुढे त्यांची विक्रीही करू लागल्या. १९०५ मध्ये त्या डेन्व्हरला गेल्या. पुढील वर्षी चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी मॅडम सी. जे. वॉकर या नावाने स्वतःचे मलम बाजारात आणले. त्यात गंधक हा महत्त्वाचा घटक होता. त्वचाविकारांवर गंधकाचा वापर फार जुना असल्याने तो काही त्यांचा शोध नव्हता. केस सरळ करणाऱ्या गरम कंगव्याचे श्रेयही त्यांना चुकीने दिले जाते. आधी डोके नियमित व नीट धुवावे, मग मलम लावावे, ही शिस्त त्यांनी घरोघरी पोहोचविली. त्यांचे खरे वेगळेपण तेच.

त्यांचा हा आग्रह आजच्या वैद्यकशास्त्राशीही जुळतो. बहुतेकांच्या त्वचेवर असणारी मॅलॅसेझिया ही बुरशी तेथील स्निग्ध द्रव्यावर पोसते. काहींच्या त्वचेला त्यातून दाह होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. नियमित धुणे आणि बुरशीरोधक औषधी शाम्पू हा त्यावरचा मुख्य उपचार असून, काही औषधी शाम्पूंमध्ये आजही गंधक वापरतात. कोंडा पुनःपुन्हा उद्भवत असेल, त्वचा लाल होत असेल किंवा केस गळत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखविणेच श्रेयस्कर.

१९०८ मध्ये पिट्सबर्ग येथे वॉकर यांनी प्रशिक्षण संस्था काढली, तर १९१० मध्ये इंडियानापोलिस येथे कारखाना उभारण्यास सुरुवात केली. मोलकरीण वा धोबीण होण्यापलीकडे फारसा पर्याय नसलेल्या हजारो स्त्रिया त्यांच्या विक्रेत्या झाल्या आणि स्वतःच्या कमाईवर जगू लागल्या. १९१७ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या या विक्रेत्यांच्या अधिवेशनास सुमारे २०० महिला उपस्थित होत्या. तेथे विक्रीबरोबरच समाजकार्यासाठीही बक्षिसे देण्यात आली.

त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींविरुद्ध निवेदन घेऊन व्हाइट हाउसवर गेलेल्या शिष्टमंडळात वॉकर होत्या. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी भेट नाकारली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. मृत्यूपूर्वी त्यांनी या चळवळीसाठी ५,००० डॉलरची देणगी जाहीर केली.

२५ मे १९१९ रोजी वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी उच्च रक्तदाब व मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. स्वकर्तृत्वावर धनाढ्य झालेल्या अमेरिकेतील पहिल्या महिलांमध्ये त्यांची गणना होते. अमेरिकी टपाल खात्याने १९९८ मध्ये त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. गळणाऱ्या केसांची लाज बाळगून त्या घरात बसल्या नाहीत. आपल्यासारख्याच स्त्रियांची गरज त्यांनी त्यात ओळखली आणि त्यांना स्वाभिमानाने जगण्याचा मार्ग दाखविला.