डॉ. अर्न्स्ट चेन : पेनिसिलिनचे एक शिल्पकार

घरात कोणाचा घसा सुजला, गळू झाले, की डॉक्टर अमॉक्सिसिलिन लिहून देतात. अशा औषधांमागे ज्यांचे परिश्रम आहेत, त्या डॉ. अर्न्स्ट चेन यांची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

चेन यांचा जन्म १९ जून १९०६ रोजी बर्लिन येथे ज्यू कुटुंबात झाला. ते पियानो उत्तम वाजवीत, पण अखेर त्यांनी प्रयोगशाळाच निवडली. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच ते इंग्लंडला गेले. मागे राहिलेली आई व बहीण नाझींच्या अत्याचारांना बळी पडल्या. हे दुःख उराशी बाळगूनच त्यांनी पुढचे आयुष्य काढले.

ऑक्सफर्डला फ्लोरी यांच्याबरोबर काम करताना फ्लेमिंग यांचा पेनिसिलिनवरील जुना निबंध त्यांच्या वाचनात आला. २५ मे १९४० रोजी रोगजंतू टोचलेल्या आठ उंदरांपैकी चारांना पेनिसिलिन देण्यात आले. सकाळी ते चार जिवंत होते, बाकीचे चार मेले होते. १९४५ साली तिघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु आम्हांस विशेष वाटते ते निराळेच. हे औषध सर्रास वापरात येण्याआधीच, १९४० मध्ये, चेन व एब्रहॅम यांनी जगाला सावध केले होते. काही जंतू पेनिसिलिनेज नावाचे एन्झाइम तयार करून औषधच मोडून टाकतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे इस्पितळांतून तसेच जंतू पसरले.

१९४८ पासून चेन रोममध्ये होते. बीचम कंपनीला त्यांचा सल्ला असे. तिचे शास्त्रज्ञ त्यांच्याकडे शिकून गेले आणि १९५७ साली त्यांनी पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढला. त्याला निरनिराळ्या रासायनिक साखळ्या जोडून नवी औषधे झाली. १९६० चे मेथिसिलिन या एन्झाइमला दाद देईना. १९६१ चे अँपिसिलिन अधिक प्रकारच्या जंतूंवर चाले. पण १९६१ सालीच मेथिसिलिनलाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले!

चेन रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या नियामक मंडळावरही होते. १२ ऑगस्ट १९७९ रोजी आयर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. जंतूंशी चाललेली ही झुंज संपलेली नाही. म्हणून उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, डॉक्टरांस विचारावे, एवढी विनंती करून आम्ही त्यांच्या स्मृतीस अभिवादन करतो.